अडचणीच्या दिवशीचा कारभार

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि पाहता पाहता बाजारपेठ, दवाखाने, पेढ्या यांच्याबरोबर तेथील एसटीचे आगारही बुडाले. आगारप्रमुखांनी कार्यालयातली सुमारे नऊ लाख रुपयांची रोकड उचलली, एका बुडत्या बसच्या टपावर आश्रय घेतला आणि मदत येईपर्यंत कित्येक तास भर पावसात त्या रकमेची राखण केली. ही हकीकत त्या वेळी वृत्तपत्रांतून सर्वत्र प्रसिद्ध झाली. अशा कर्तव्यनिष्ठेपुढे आपण नतमस्तक व्हावे हे योग्यच. परंतु त्यानंतर, ज्याच्याकडे एखाद्या संस्थेचा कारभार आहे, मग ती सहकारी पतसंस्था असो, दूधसंघ असो, छापखाना असो वा रुग्णालय असो, त्याने स्वतःला विचारले पाहिजे की, असा प्रसंग आपल्यावर गुदरला तर आपल्या संस्थेचा निभाव कोणा एकाच्या धैर्यावर लागणार आहे, की निवांत दिवसांत विचारपूर्वक करून ठेवलेल्या बंदोबस्तावर?

या बंदोबस्तालाच आज कार्यसातत्य योजना म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०१२ साली तिच्यासाठी ‘आयएसओ २२३०१’ हे स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले, आणि आपली रिझर्व्ह बँकही बँकांकडून संचालक मंडळाने मंजूर केलेल्या अशा योजनेची अपेक्षा ठेवते. यामुळे सामान्य चालकाचा असा ग्रह होतो की हा मोठ्या कंपन्यांचा आणि जाडजूड दस्तऐवजांचा विषय आहे. वास्तविक या योजनेचे सार फार थोड्या शब्दांत सांगता येते. संकटाच्या दिवशी सर्वच कामे चालू ठेवणे कोणालाही शक्य नसते. म्हणून कोणते काम चालू ठेवायचे, कोणते निःशंकपणे थांबू द्यायचे आणि हा निर्णय कोणी द्यायचा, हे आधी ठरवून, लिहून आणि वापरून पाहणे, एवढेच तिचे प्रयोजन. यातील ‘थांबू द्यायचे’ हा भाग लोकांना सर्वांत अवघड जातो, आणि योजना फसतात त्या बहुधा तेथेच.

हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या आरंभी, गडावरील पाण्याविषयी असा उपदेश केलेला आहे की, एखादा झरा आहे आणि तो रोजच्या गरजेस पुरतो, एवढ्यावर निश्चिंत राहू नये. कारण झुंजाच्या वेळी तोफांच्या आवाजाने झरे क्षीण होतात आणि नेमका त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो, यास्तव राखीव पाण्याची टाकी वेगळी बांधावीत आणि ते पाणी एरवी खर्ची पडू देऊ नये. तोफांनी झरे आटतात की नाही हे भूगर्भशास्त्रज्ञांनी सांगावे. कारभारी माणसाने त्यातून घ्यावयाचा बोध असा की, संकटात साधने घटतात आणि मागणी वाढते, व या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडतात. पुराच्या दिवशी निम्मे कर्मचारी येणार नाहीत आणि नेहमीच्या दुप्पट माणसे दाराशी उभी राहतील, हे गृहीत धरूनच योजनेस आरंभ करावा.

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावची मध्यम आकाराची एखादी पतसंस्था डोळ्यांसमोर आणू. ठेवीदारांना पैसे देणे, पिग्मीची रक्कम गोळा करणे, सोनेतारण कर्जे देणे आणि दागिने सोडवून देणे, नव्या कर्ज-अर्जांची छाननी, थकबाकीची वसुली, लाभांशाचे वाटप आणि वार्षिक सभेचा अहवाल, ही तिची नित्याची कामे. आता प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहाव्यात. पहिली, हे काम किती काळ बंद राहिले तर झालेली हानी भरून निघणार नाही. दुसरी, त्या मुदतीच्या बऱ्याच आधी ते पुन्हा केव्हा सुरू करण्याचा आपला निश्चय आहे. तिसरी, आरंभी ते किती प्रमाणात चालले तरी भागेल. आणि चौथी, ते चालण्यास कोणकोणत्या गोष्टी लागतात.

ज्याच्या घरात पाणी शिरले आहे, त्या सभासदाला स्वतःच्याच ठेवीतील पाच हजार रुपये आज हवे असतात, आणि ते मिळाले नाहीत तर ‘संस्था बुडाली’ ही आवई पुराच्या पाण्याहून वेगाने गावात पसरते. म्हणून ठेवीदारांना पैसे देणे हे काम एका दिवसापेक्षा अधिक थांबता कामा नये. मात्र प्रत्येकास संपूर्ण रक्कम त्याच दिवशी देण्याचे कारण नाही. पहिले तीन दिवस प्रत्येकी ठराविक मर्यादेपर्यंतच द्यावी, असा ठराव आधीच करून ठेवता येतो. दागिने सोडवून देण्याचे काम आठवडाभर लांबले तरी चालेल, पण दागिने सुरक्षित आहेत हे त्याच दिवशी सांगावे लागेल. नव्या कर्जांची छाननी महिनाभर थांबली तर कोणाचे फारसे बिघडत नाही. येथे काळवेळेचाही विचार करावा. एरवी चार दिवस थांबू शकणारे काम गणपतीच्या आधीच्या आठवड्यात किंवा मार्चअखेरीस एक दिवसही थांबू शकत नाही, म्हणून मुदत ठरवताना वर्षातील सर्वांत वाईट आठवडा हिशोबात धरावा.

खातेप्रमुखांना विचारले तर प्रत्येक जण आपलेच काम सर्वांत निकडीचे असल्याचे सांगेल, आणि त्यात त्याचा दोषही नाही. हा निवाडा संचालक मंडळाने अथवा मालकाने स्वतः बसून करावयाचा असतो. तो संगणक-विभागाकडे किंवा एखाद्या बाहेरच्या सल्लागाराकडे सोपवला की कागद तयार होतो, पण निर्णय होत नाही.

यानंतरचा प्रश्न संकटांचा. पुष्कळ संस्था येथे पूर, आग, भूकंप, संप, साथ, चोरी अशी लांबलचक यादी करतात आणि प्रत्येक प्रकरणावर वेगळा अध्याय लिहितात. एवढे करूनही नेमके जे संकट येते, ते यादीत नसते. २०२० च्या आरंभी ज्या संस्थांकडे आगीची आणि पुराची उत्तम योजना होती, त्यांच्याही ती फारशी उपयोगी पडली नाही. कारण २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी जारी झाली तेव्हा इमारती शाबूत होत्या, यंत्रे सुस्थितीत होती, दप्तरही सुरक्षित होते, फक्त माणसे येऊ शकत नव्हती. म्हणून कारणांची यादी आटोपशीर ठेवून आपण परिणामांचा विचार करावा. कारण कोणतेही असो, संस्थेचे नुकसान शेवटी पाच प्रकारचे असते: जागा जाते, माणसे येत नाहीत, दप्तर अथवा यंत्रे निकामी होतात, वीज-पाणी-दळणवळण तुटते, किंवा ज्यांच्याकडून आपण माल वा सेवा घेतो ते बंद पडतात. या पाचांपैकी प्रत्येक गेले तर काय करायचे, याची उत्तरे तयार असली की अपरिचित संकटातही त्यांपैकी दोन-तीन जोडून मार्ग काढता येतो.

यातील शेवटच्या दोन प्रकारांकडे बहुधा दुर्लक्ष होते. ऑगस्ट २०१९ मधील पंचगंगेच्या महापुरात कोल्हापूर शहराची पाणीउपसा केंद्रेच बुडाली, त्यामुळे चोहीकडे पाणी आणि नळ मात्र कोरडे, अशी अवस्था झाली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेल्याने जिल्ह्यातून बाहेर जाणाऱ्या दुधाच्या गाड्या अडकून पडल्या. म्हणजे ज्या रुग्णालयाच्या पायरीला पुराचा स्पर्शही झाला नसेल त्यालाही पाण्याची चिंता, आणि ज्या मिठाईवाल्याचे दुकान शेकडो मैल दूर आहे त्यालाही दुधाची. विजेचेही तेच. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. आपल्याकडे जनरेटर आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तो किती तास चालतो, डिझेलचा साठा किती, पंपावर वीज नसेल तर डिझेल आणायचे कोठून आणि, कित्येक इमारतींत तो बसवला जातो त्याप्रमाणे, तळघरात असेल तर पुराच्या दिवशी त्याचे काय होणार, या प्रश्नांची उत्तरे हवीत.

पर्यायी व्यवस्था निवडताना ती मूळ व्यवस्थेबरोबरच बुडणार नाही, हे पाहणे अगत्याचे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच शहरातील कुलाबा वेधशाळेत मात्र ती सुमारे ७४ मिलिमीटर होती. त्या दिवशी ज्याचे कार्यालय कुर्ल्यास आणि पर्यायी जागा दक्षिण मुंबईत होती, त्याला ती जागा कोरडी मिळाली असती. पण कुर्ल्याहून तेथे जाणार कसे, हा प्रश्न उरलाच असता, कारण रेल्वे आणि रस्ते दोन्ही बंद होते. म्हणून पर्यायी जागा पुरेशी दूर हवी, आणि तेथे काम सुरू करू शकणारी दोन-तीन माणसे तिच्या जवळ राहणारी हवीत. लहान संस्थेला दुसरी जागा घेऊन ठेवणे परवडत नाही, हे खरे. परंतु नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या तालुक्यातील समव्यवसायी संस्थेशी परस्पर सहाय्याचा लेखी करार करणे सर्वांनाच परवडते. आमच्यावर प्रसंग आला तर तुम्ही आम्हांला दोन टेबले, एक संगणक आणि तिजोरीत जागा द्यावी, तुमच्यावर आला तर आम्ही देऊ, एवढाच त्याचा मतलब. तो तोंडी मात्र नसावा.

आता दप्तराविषयी. पूर्वी रोजकीर्द आणि खतावणी लाकडी पेटीत असे, आज ती संगणकात आहे. पण नक्कल कोठे आहे आणि किती जुनी आहे, हा प्रश्न बदललेला नाही. समजा, आपली नक्कल दर शनिवारी रात्री होते आणि शुक्रवारी दुपारी यंत्र बुडाले, तर जवळजवळ आठवड्याचे व्यवहार गेले. ते कागदी पावत्यांवरून पुन्हा उभे करता येतील काय? येत असतील तर आठवडा ठीक. येत नसतील तर नक्कल रोज, किंवा दर तासाला झाली पाहिजे. किती काळाची नोंद गमावणे आपल्याला सोसवेल, हे ठरवल्यावाचून नकलेचे वेळापत्रक ठरवणे व्यर्थ. शिवाय एक नक्कल इमारतीच्या बाहेर, आणि एक नक्कल यंत्रापासून पूर्णपणे तोडलेली असावी. कारण हल्ली खंडणीसाठी संगणक कुलूपबंद करणारे चोर जोडलेल्या नकलाही कुलूपबंद करतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ती नक्कल दुसऱ्या यंत्रावर उघडून, कालच्या शिलकेशी ताळा जमतो की नाही, हे अधूनमधून पाहावे. कधीही उघडून न पाहिलेली नक्कल असून नसल्यासारखीच.

यानंतर अधिकाराचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते योजनेचा प्राण येथे आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे कामकाज सकाळी पावणेबाराच्या सुमारास ठप्प झाले आणि ते पुन्हा सुरू व्हायला दुपारचे पावणेचार वाजले. दळणवळणाच्या तारा दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या, तरी दोन्हींत एकाच वेळी बिघाड झाला. म्हणजे दोन पुरवठादार असणे आणि दोन स्वतंत्र मार्ग असणे ही एकच गोष्ट नव्हे, हा पहिला धडा. दुसरा धडा अधिक मोलाचा आहे. बाजाराचे पर्यायी केंद्र चेन्नईस सज्ज होते, पण कामकाज तिकडे हलवले गेले नाही. साधन होते, ते वापरण्याची घडी आली, असे ठामपणे म्हणण्याची शिस्त तेवढी नव्हती. त्यानंतर सेबी या बाजार-नियामकाने बाजार-संस्थांना मुदती घालून दिल्या: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत ती आपत्ती म्हणून जाहीर करावी, जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत काम पूर्ववत करावे, आणि नोंदींचे नुकसान १५ मिनिटांहून अधिक काळाचे होऊ नये. आपल्या पतसंस्थेला किंवा छापखान्याला मिनिटांची गरज नाही, तासांची किंवा दिवसांची पुरेल. पण हे तीन आकडे आपलेही ठरलेले असावेत.

संकटाच्या आरंभी मनुष्याची प्रवृत्ती ‘थोडे थांबून पाहू’ अशी असते, आणि या थांबण्यातच कामाचा वेळ निघून जातो. म्हणून निर्णयाची खूण निःसंदिग्ध असावी: नदी अमुक पातळीला पोहोचली की दप्तर वरच्या मजल्यावर, वीज अमुक तास आली नाही की पर्यायी जागेत. हा हुकूम देण्याचा अधिकार कोणाला, तो मनुष्य संपर्कात नसेल तर कोणाला, आणि तोही नसेल तर कोणाला, अशी तीन नावे क्रमाने लिहावीत. शिवकालात गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशा तिघांत विभागलेला असे, तो गड कोणा एकाच्या मर्जीवर राहू नये म्हणून. आपल्याकडे मात्र तिजोरीची किल्ली, बँकेतील सही आणि संगणकाचा परवलीचा शब्द ही तिन्ही एकाच व्यवस्थापकापाशी, आणि तो गावाला गेलेला, असे चित्र विरळा नाही. आपत्काळात अमुक रकमेपर्यंतचा खर्च नेहमीच्या मंजुरीवाचून करण्याची मुखत्यारीही ठरावाने देऊन ठेवावी. अन्यथा पाणी उपसण्याच्या पंपाच्या भाड्यासाठी तीन दरपत्रकांची वाट पाहण्याची पाळी येते.

ग्राहकांशी आणि कर्मचाऱ्यांशी काय बोलायचे, हेही आधी ठरवावे. संस्थेच्या वतीने एकाच व्यक्तीने बोलावे, जे ठाऊक आहे तेवढेच सांगावे आणि पुढची माहिती केव्हा देणार ती वेळ सांगून ती पाळावी. कर्मचाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक कागदावरही असावेत. पहिली चौकशी त्यांच्या घरच्या खुशालीची करावी. ज्याचे कुटुंब छतावर अडकले आहे त्याच्याकडून कामाची अपेक्षा करणे अमानुष तर आहेच, शिवाय निरर्थकही आहे.

विमा हवाच, परंतु विमा म्हणजे योजना नव्हे. नेहमीच्या आगीच्या विम्यात इमारत आणि माल यांची भरपाई मिळते. काम बंद राहिल्याने बुडालेल्या नफ्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो, हे पुष्कळांना दाव्याच्या वेळीच कळते. आणि पैसे मिळाले तरी दुसरीकडे गेलेला ग्राहक विमा कंपनी परत आणून देत नाही. पाणी ओसरल्यावर चिखल काढण्याच्या घाईत पंचनामा आणि छायाचित्रे राहून जाऊ नयेत, ही सूचनाही योजनेतच लिहून ठेवावी.

योजना लिहावी ती थोडक्यात. पहिल्या पृष्ठावर फक्त पहिल्या चोवीस तासांची कामे, नावे आणि क्रमांक. बाकी तपशील मागे. तिची एक प्रत कार्यालयात, एक प्रत प्रत्येक जबाबदार व्यक्तीच्या घरी. आणि वर्षातून निदान एकदा तिची तालीम घ्यावी. २ मार्च २०२४ या शनिवारी मुंबईतील दोन्ही शेअर बाजारांनी मुद्दाम विशेष सत्र भरवून प्रत्यक्ष व्यवहार मुख्य केंद्रावरून पर्यायी केंद्रावर हलवून पाहिले. एवढा खटाटोप करण्याची आपल्याला आवश्यकता नाही. पावसाळ्याच्या तोंडी एका दुपारी सर्वांनी एकत्र बसावे, एकाने प्रसंग सांगावा, व्यवस्थापकाला त्या दिवशी मुद्दाम गैरहजर ठेवावे आणि बाकीच्यांना पुढचे पाऊल सांगू द्यावे. कोणता क्रमांक बदलला, कोणती किल्ली कोणाकडे नाही, कोणता करार संपला, हे तासाभरात उघड होते. कोणी बदलून गेले, संस्थेने जागा बदलली किंवा नवे यंत्र घेतले, की योजनाही सुधारावी.

परत येण्याचाही विचार हवा. पर्यायी जागेत हाताने लिहिलेल्या पावत्या मूळ दप्तरात कोण चढवणार, रुजवात कोण घालणार, साचलेले काम कोणत्या क्रमाने उरकणार, आणि मूळ जागा वापरण्यास योग्य झाली हे कोण सांगणार, याची तरतूद नसेल तर संकट संपल्यावरचा महिना संकटाच्या आठवड्याहून जड जातो.

श्रोतेहो, चिपळूणमध्ये २००५ साली पूर आला, २०२१ साली आला. सांगली-कोल्हापुरास २००५, २०१९ आणि २०२१ असा तीन वेळा आला. जे पुनःपुन्हा घडते त्याला आकस्मिक म्हणण्याचा अधिकार कारभाऱ्याला नाही. तेव्हा या आठवड्यात एक कागद घ्यावा, आपल्या संस्थेची सर्व कामे त्यावर लिहावीत, आणि प्रत्येकापुढे मघा सांगितलेल्या चार गोष्टी नोंदवाव्यात. त्यानंतर त्या यादीतील जी कामे महिनाभर थांबली तरी चालतील, त्यांवर निर्भयपणे रेघ मारावी. ज्या कामांवर रेघ मारण्यास हात धजणार नाही, ती बहुधा तीन-चारच उरतील. तेवढ्यांसाठी माणसे, जागा, दप्तर आणि अधिकार यांची तजवीज करणे अगदी लहान संस्थेच्याही आवाक्यातले आहे, आणि ती पुढच्या मृगाच्या आत पुरी व्हावी.